खिळ्याची अट

मंठ्याच्या बसस्टँडसमोर अण्णासाहेबांनी पाच गाळे बांधले, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारा आता निवांत बसून भाडं खाणार. पण निवांतपणा अण्णासाहेबांच्या कुंडलीतच नव्हता. त्यांना भाडं हवं होतं, भाडेकरू नको होता. भाडेकरूशिवाय भाडं देणारा प्राणी अजून जन्माला आलेला नसल्यामुळं त्यांनी मधला मार्ग काढला. भाडेकरू ठेवायचा, पण तो तिथं आहे असं कुठूनही दिसता कामा नये.

ही गोष्ट त्यांच्या दुसऱ्या गाळ्यातल्या बद्रीनाथ फोटोवाल्याची. जालन्यात एका फोटोग्राफरच्या हाताखाली वर्षानुवर्षं फोटो धुऊन तो कला शिकला आणि अठ्ठ्याहत्तर साली मंठ्यात आला. बरोबर जुना कॅमेरा, नवी बायको आणि एक पडदा. पडदा जालन्याच्या सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून चितारून घेतलेला. निळं तळं, त्यात दोन हंस, मागं बर्फाचा डोंगर आणि कोपऱ्यात नारळाचं झाड. बर्फाखाली नारळ कसा, हे पेंटरला कुणी विचारलं नाही. मंठ्यात बर्फाचा डोंगर पाहिलेलं कुणी नव्हतं आणि समुद्रही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं दोन्ही एकाच ठिकाणी असायला कुणाची हरकत नव्हती.

बायकोचं नाव कौसल्या. दुकानाचं नावही 'कौसल्या फोटो स्टुडिओ'. लग्नाला वर्षही न झालेल्या माणसाला दुसरं नाव सुचत नाही.

गाळ्याची बोलणी अण्णासाहेबांच्या ओसरीवर झाली. बाँड लिहायला तातेराव होते. हे तातेराव बसस्टँडच्या लिंबाखाली पेटी घेऊन बसायचे आणि साऱ्या गावाचे करारमदार त्यांच्याच अक्षरात व्हायचे. परतूरहून आणलेला स्टँपपेपर मांडीवर घेऊन त्यांनी घसा साफ केला आणि अटी वाचायला सुरुवात केली. मुदत अकरा महिने. मुदत संपली की गाळा एक दिवस पूर्ण रिकामा करून मालकाच्या ताब्यात द्यायचा, मग पुन्हा नवा बाँड. भिंतीवर बोर्ड लावायचा नाही. आणि चौथी अट तातेरावांनी जरा सूर लावूनच वाचली. "सदरहू गाळ्याच्या भिंतीस, छतास वा फरशीस लिहून देणार याने खिळा, खुंटी, हूक, खांब अथवा तत्सम काहीही ठोकू, रोवू अथवा चिकटवू नये."

बद्रीनाथ हळूच म्हणाला, "अण्णासाहेब, बाकी समदं बराबर हाये. पण मला पडदा बांधायला एक खिळा लागंल. एका बाजूला खिडकीचे गज हायेत, तिकडं बांधतो. दुसऱ्या बाजूला कोरी भिंत हाये."

अण्णासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "बद्री, आमच्या आबांनी एका माणसाला रानात बैल बांधायला खुंटा ठोकू दिल्ता. एक खुंटा. खुंट्याला बैल आला, बैलाला वैरण आली, वैरणीच्या राखणीला झोपडं आलं. मंग कूळ कायदा आला. आज ती बारा एकर त्याच्या नातवाच्या नावावर हाये."

उरलेली साठ एकर स्वतःच्या नावावर आहे, हे सांगायला ते कधीच विसरत. म्हणजे आठवणीनं विसरत.

"खुंटा येगळा आन खिळा येगळा, अण्णासाहेब."

"लहानपणी खुंटा खिळ्याएवढाच आस्तो."

बद्रीनाथनं सही केली. देवाचा फोटो तरी लावू का, असं त्यानं जाता जाता विचारून पाहिलं. अण्णासाहेब म्हणाले, "देव एकदा बसला की उठत न्हाई." म्हणून गणपती गल्ल्यात बसला. रोज सकाळी बद्रीनाथ गल्ला उघडून उदबत्ती ओवाळायचा आणि धूर बाहेर जायच्या आत गल्ला बंद करायचा. बोर्ड बाहेर बाकावर टेकवून ठेवायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा. बाकी काही म्हणा, इतका सोवळ्यात ठेवलेला स्टुडिओ जिल्ह्यात दुसरा नसेल.

पडद्याची सोय त्यानं अशी केली की वाळूनं भरलेल्या तेलाच्या डब्यात बांबू उभा करायचा आणि दुसरं टोक त्याला बांधायचं. उद्घाटनाच्या दिवशी कौसल्या लग्नातला शालू नेसून आली. स्टुडिओतला पहिला फोटो तिचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. तळ्याकाठी खुर्ची मांडली. तेवढ्यात एक मास्तर कुठल्याशा फॉर्मसाठी फोटो काढायला आले आणि त्यांच्यामागून पेढा खायला अण्णासाहेब आले. पेढा तोंडात असतानाच त्यांचं लक्ष बांबूकडं गेलं.

"हा खांब हाये."

"डब्यात हाये, अण्णासाहेब. फरशीत न्हाई."

"आज डब्यात हाये," अण्णासाहेब म्हणाले आणि बांबू बाहेर निघेपर्यंत तिथून हलले नाहीत.

पडदा खाली आला, डोंगर जमिनीला लागला. मास्तर घड्याळ बघायला लागले. पहिलं गिऱ्हाईक, तेही परत जाणार. तेव्हा कौसल्या पुढं झाली. पदर खोचला, पडद्याचं टोक उचललं, उजवा हात उंच करून भिंतीशी उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या काढून मास्तरांचा. खिळा ठोकूस्तोवर मी धरते."

हे 'तोवर' फार फसवं असतं. आपल्याकडं कित्येक संसार, पूल आणि सरकारी कचेऱ्या या एका 'तोवर'वर उभ्या आहेत.

मास्तर गेल्यावर बद्रीनाथ म्हणाला, "आता तू बस. शेजारच्याला धरायला बोलावतो."

"न्हाई," कौसल्या म्हणाली. "शालू नेसून मी तळ्याकाठी बसायची आन शेजारचा हात वर करून उभा ऱ्हायाचा, हे काय शोभत न्हाई. खिळा ठोका, मंग बसते."

"दोन-चार महिन्यांत ठोकतो. पहिला फोटो तुझाच."

पहिला फोटो तर मास्तरांचा होऊन गेला होता. शालू घरी जाऊन घडीत गेला.

तिथून पुढं मंठ्याच्या आसपासच्या गावांत जेवढे फोटो निघाले, त्या सगळ्यांना डाव्या कडेला चार बोटं आणि थोड्या हिरव्या बांगड्या दिसू लागल्या. पासपोर्ट साइजमध्ये बद्रीनाथ ती कापून टाकायचा. पण जोडप्याचा फोटो असला, पोराबाळांसकट कुटुंब असलं, की कापायला जागा उरत नसे. लोकांना आधी खटकलं, मग सवय झाली. पुढं पुढं तर बोटं नसलेला फोटो दिसला की म्हणायचे, हा मंठ्यात काढलेला न्हाई. एकदा कौसल्या एका लग्नाला गेली. बांगड्या भरताना एका म्हातारीनं तिचा हात हातात घेऊन निरखून पाहिला आणि विचारलं, "आमच्या भिंतीवरची बाई तूच का ग?" कौसल्या हसली. घरी येऊन मात्र बद्रीनाथला म्हणाली, "लोकाच्या घरात माझी बोटं लागली. माझ्या घरात मी कवा लागायची?"

बद्रीनाथ दर अकरा महिन्यांनी खिळा मागायला जायचा. त्याआधी गाळा रिकामा करायचा दिवस यायचा. सगळं सामान रस्त्यावर काढायचं. मग अण्णासाहेब येऊन रिकाम्या गाळ्यात बसून एक कप चहा प्यायचे, म्हणजे भाडेकरूची वहिवाट मोडली. खुर्ची घरून आणायचा त्यांना कंटाळा, म्हणून बद्रीनाथचीच खुर्ची पुन्हा आत न्यायची. चहाही बद्रीनाथच सांगायचा. चहा झाला की ते उठून भिंतीवरून तळहात फिरवत जायचे, आंधळ्यानं नातवाचा चेहरा चाचपावा तसे. कुठं भोक लागत नाही याची खात्री झाली की म्हणायचे, "चल तातेरावकडं."

पहिल्या वेळी बद्रीनाथनं खिळा लहान करून मागितला. अर्ध्या इंचाचा, नुसत्या पडद्याच्या दोरीपुरता. अण्णासाहेब म्हणाले, पोरगं जन्मतं तवा लहानच आस्तं. नंतरच्या खेपेला त्यानं भाडं वाढवून दिलं, खिळ्याच्या बदल्यात. अण्णासाहेबांनी वाढीव भाडं मंजूर केलं आणि खिळा नामंजूर केला. "वाढ महागाईची हाये," ते म्हणाले, "खिळ्याची न्हाई."

तिसऱ्या खेपेला तातेरावांनाच राहवलं नाही. कायद्याचं डोकं शांत बसत नाही. त्यांनी तोड सुचवली, "खिळा मालकाचा. ठोकायचा बी मालकानं. भाडेकरूनं फक्त वापरायचा आन त्याचं भाडं येगळं द्यायचं. समद्या गाळ्यासंगं खिळा बी मालकीचाच ऱ्हातो."

अण्णासाहेब हलले. आठवडाभर त्यांनी विचार केला म्हणतात. बद्रीनाथनं त्या आठवड्यात खिळा विकतसुद्धा आणून ठेवला. कौसल्यानं शालू उन्हात टाकला. आठवड्यानं अण्णासाहेबांनी निरोप धाडला. "खिळा माझा, पण पडदा तुझा. माझ्या खिळ्यावर तुझा पडदा म्हंजे माझ्या रानात तुझा बैल. तेच झालं की."

शालू परत घडीत गेला. तुम्ही म्हणाल, एवढं असेल तर दुसरा गाळा बघावा. बद्रीनाथनं बघितला. पण मंठ्यातल्या सगळ्या मालकांचे बाँड तातेरावच लिहायचे आणि अण्णासाहेबांची चौथी अट त्यांना इतकी आवडली होती की ती ते सगळ्यांच्याच बाँडमध्ये घालायचे. त्यामुळं मंठ्यात गाळे पुष्कळ होते, खिळा एकाही गाळ्यात नव्हता.

पुढं अण्णासाहेब बाजार समितीच्या निवडणुकीला उभे राहिले. पत्रकावर छापायला फोटो पाहिजे. आजवर त्यांनी फोटो काढून घेतला नव्हता. आपला फोटो कुणाकडं गेला आणि त्यानं तो आपल्याच विरुद्ध कुठं वापरला तर, अशी शंका. पण निवडणुकीपुढं शंका टिकत नाही. डोक्याला फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी, असे ते स्टुडिओत आले आणि बसताना बजावून सांगितलं, "मी मालक म्हणून बसून राह्यलो, गिऱ्हाईक म्हणून न्हाई." म्हणजे पैसे मिळणार नव्हते.

कौसल्यानं पडदा धरला. अण्णासाहेब चांगले रुंद होते. काठी आलीच पाहिजे, असा हट्ट. काठी घ्यायला बद्रीनाथ मागं सरकला, तर काठीबरोबर कडेची बोटंही आली.

"अण्णासाहेब, वैनींची बोटं येऊन राह्यलीत. तिथं एक खिळा असता तर..." शेजारून पाहायला आलेला पहिल्या गाळ्यातला टेलर बोलून गेला.

"कापून टाक बोटं," अण्णासाहेब समोर बघत म्हणाले.

खरं तर त्या क्षणी कौसल्यानं पडदा सोडून द्यायला हवा होता. डोंगर फेट्यावर पडला असता, बरं झालं असतं. पण तिनं सोडला नाही. आपला नवरा काचेला डोळा लावून वाकलाय, त्याच्या कामात व्यत्यय नको, एवढंच तिला कळत होतं.

बद्रीनाथनं पत्रकासाठी बोटं कापली. बोटांबरोबर काठीही गेली, दोन्ही एकाच बाजूला होती. अण्णासाहेब निवडणूक हरले आणि मरेपर्यंत सांगत राहिले की काठी नव्हती म्हणून हरलो.

वर्षं गेली. काळे-पांढरे फोटो जाऊन रंगीत आले. पडद्यावरच्या हंसांचा रंग उडाला, तो बद्रीनाथनंच भरला. आता ते बदकांसारखे दिसायचे. लेक मोठी झाली, लग्न होऊन भोकरदनला गेली. एके सकाळी कौसल्या वेणी घालायला बसली आणि उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. जालन्याच्या डॉक्टरनं खांदा दाबून पाहिला आणि विचारलं, काय काम करता? ती म्हणाली, "डोंगर धरते." डॉक्टरला काही कळलं नाही. हात वर न्यायचा नाही, एवढं त्यानं सांगितलं.

एसटीत बद्रीनाथला स्वतःची लाज वाटत होती. एवढ्या वर्षांत आपण अण्णासाहेबांना इतक्या परीनं समजावलं, पण एकदा तरी सरळ हातोडा घेऊन भिंतीपुढं का उभे राहिलो नाही? काय केलं असतं त्यांनी? गाळा काढून घेतला असता. मग? या 'मग'पाशी तो दरवेळी अडायचा आणि आता त्या अडण्याचं मोल बायकोच्या खांद्यात जाऊन बसलं होतं.

"आता डाव्या हातानं धरीन," कौसल्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बोटं उलटी दिसतील, एवढंच."

"आता तू न्हाई धरायचा. गिऱ्हाइकाच्या संगतीला आलेल्याला धरायला लावतो."

"आन त्यो डोंगर वाकडा धरंल त्याचं काय?"

अखेर ती डाव्या हातानंच धरत राहिली.

दोन हजार एक साली अण्णासाहेब गेले. गाळे थोरल्या मुलाकडं, विश्वंभरकडं आले. विश्वंभर औरंगाबादला शिकलेला, मोटारसायकलवरून फिरणारा, बापाच्या जुन्या विचारांना हसणारा. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं पाचही भाडेकरूंना ओसरीवर बोलावलं. बापाला कुळाची भीती होती, याला भाडेकरूंच्या कुजबुजीची होती. म्हातारा गेला, आता गाळे आपलेच, असं कुणाच्या मनात यायला नको.

"नवीन बाँड करू," तो म्हणाला, "आन एक अट नवी. पाचही गाळ्यांत दर्शनी भिंतीवर अण्णांचा मोठा फोटो लागला पायजे. गाळा कुणाचा, हे आल्या-गेल्याला दिसलं पायजे. बद्रीकाका, फोटो तुम्हीच तयार करा. काठीसकट. काठीशिवाय ते अण्णा वाटत न्हाईत."

"अण्णासाहेबांचा आपल्याकडं एकच फोटो हाये. काठी ठेवली की कडंला आणिक बी काही येतं," बद्रीनाथ म्हणाला.

"येऊ द्या की. काठी पायजे."

तातेराव आता थकले होते, पण हात सवयीनं चालायचा. त्यांनी जुना बाँड समोर ठेवून नवा उतरवला, चौथी अट जशीच्या तशी, आणि शेवटी फोटोची अट जोडली. वाचून झाल्यावर बद्रीनाथ उठून उभा राहिला. ओसरीवर तो असा उभा राहून आजवर कधी बोलला नव्हता.

"विश्वंभरराव, फोटो अडकवू कशाला? चौथ्या अटीत खिळा बंद हाये. का गल्ल्यात ठेवू, गणपतीशेजारी?"

बाकीचे भाडेकरू जमिनीकडं बघायला लागले. विश्वंभर वैतागला. "अरे मंग ठोका ना खिळा. एवढ्या बारीक गोष्टी विचारायच्या असत्यात का?"

"लिवून द्या."

विश्वंभरनं मान हलवली. तातेरावांनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं, "वरील अट क्रमांक चारला अपवाद म्हणून, मालकाच्या वडिलांच्या तसबिरीकरिता, भाडेकरूने दर्शनी भिंतीस एक मजबूत खिळा स्वखर्चाने ठोकावा." लिहून त्यांनी बद्रीनाथकडं पाहिलं आणि 'मजबूत' या शब्दाखाली आपणहून एक रेघ ओढली.

पूर्वी आणून ठेवलेला खिळा गल्ल्यातच होता, गणपतीमागं, गंजलेला. बद्रीनाथनं तोच घेतला. कौसल्या म्हणाली, मी ठोकते. डाव्या हातानं हातोडा धरून, जिथं इतकी वर्षं ती उभी राहायची तिथं, हात पोहोचायचा त्याच उंचीवर बद्रीनाथनं धरलेला खिळा तिनं ठोकला. भिंतीचा थोडा पोपडा निघाला. बाकी काही झालं नाही. ना झोपडं आलं, ना बैल आला.

बद्रीनाथनं फोटो अडकवला. अण्णासाहेब, फेटा, काठी, मागं डोंगर, आणि डाव्या कडेला चार बोटं. कौसल्यानं जवळ जाऊन पाहिलं.

"मेल्यावर बी ह्यांच्यामागं मीच पडदा धरून हाये व्हय?"

"बस आता तू," बद्रीनाथ म्हणाला. अण्णासाहेबांच्या मागून त्यानं पडद्याची दोरी त्याच खिळ्याला बांधली. डोंगर सरळ राहिला. "शालू नेसून येतीस?"

"शालू कवाच लेकीला दिला."

ती होती तशी, कामाच्या लुगड्यात तळ्याकाठी खुर्चीवर बसली. बद्रीनाथ कॅमेऱ्याशी वाकला. "हात खाली घे," तो म्हणाला. तिनं दचकून पाहिलं. उजवा हात, डॉक्टरनं वर न्यायला बंदी केलेला, आपोआप निम्म्यात उचलला गेला होता आणि चार बोटं हवेत मिटली होती. तिनं तो मांडीवर ठेवला. बद्रीनाथ पुन्हा वाकला, हात पुन्हा वर आला. त्यानं तसाच फोटो काढला, घरी एकटाच बसून कितीतरी वेळ बघत राहिला आणि एका बाजूनंही कापला नाही.

चौकट घालून तो स्टुडिओत आणला. पण लावणार कुठं? बाँडात खिळा एकच लिहिला होता. म्हणून कौसल्याचा फोटो गल्ल्यात गणपतीशेजारी ठेवलाय. रोज सकाळी बद्रीनाथ गल्ला उघडतो, दोघांना उदबत्ती ओवाळतो आणि दुसऱ्या खिळ्याचं विश्वंभरशी कसं बोलावं याची मनात जुळणी करतो.